जळगावच्या उन्हाळ्यात चेलो: घसरत्या खुंट्या, उकललेला सांधा आणि 'सा' कुठे धरायचा

गिरणाकाठ यांचा प्रश्न

राम राम मंडळी.

आमच्या जळगावातल्या व्हायोलिन वर्गाकडे एक पूर्ण मापाचा, कारखान्यात बनलेला चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) आला आहे. स्टीलच्या तारा, टेलपीसवर (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) चार फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचे स्क्रू, एक गज आणि राळेची वडी. वर्गातले सगळे हिंदुस्थानी व्हायोलिनवाले, चेलो कोणाच्याच हाताखालून गेलेला नाही. एप्रिल लागल्यापासून अडचणी अशा:

खुंट्या धरत नाहीत. सकाळी सूर लावला की दुपारपर्यंत जाड तार लोंबायला लागते. खालच्या गोलाईत वरची फळी आणि बाजूची पट्टी यांचा सांधा बोटभर उकललाय. आमचा सुतार म्हणतो, फेव्हिकॉल भरून शिकंजा लावतो, उद्या घेऊन जा. शिवाय एक ठराविक सूर लागला की आवाज घुरघुरतो, शेजारचे सूर मात्र स्वच्छ येतात. खोलीत कूलर आहे, तो चालू ठेवावा की बंद, यावरही आमच्यात दोन मतं आहेत.

आणि मोठा प्रश्न हा की पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात या वाद्याची जागा नेमकी काय? खालचा सूर भरायचा, एवढंच काम? की व्हायोलिनसारखं एकट्याने बसून वाजवायचं वाद्य? राग वाजवायचा तर सा कुठे घ्यावा?

सरस_आणि_शिकंजा

भाऊ, सगळ्यात आधी सुताराला थांबवा.

व्हायोलिन-चेलोची वरची फळी सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाने) चिकटवतात, आणि तोही मुद्दाम पातळ करून. कारण असं की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, उभ्या दिशेने जवळपास नाही. फळी आडवी आकसायला लागली आणि कडा घट्ट धरलेल्या असल्या, तर कुठेतरी काहीतरी सुटणारच. सरस पातळ असला की सांधा सुटतो आणि फळी वाचते. तुमचा सांधा उकलला म्हणजे वाद्याने स्वतःला वाचवलं असं समजा. फेव्हिकॉल भरला तर पुढच्या मेमध्ये सांधा हटणार नाही, फळीला उभी चीर जाईल. फेव्हिकॉलचा थर लाकडात बसला की त्यावर नंतर सरसही धरत नाही, म्हणजे पुढच्या कारागिराला आधी तो खरवडून काढावा लागतो आणि त्यात लाकूडही जातं.

काम सरसानेच करा. दाणेदार सरस थंड पाण्यात काही तास फुगवायचा, मग भांड्यात भांडं ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत गरम करायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची धरण्याची ताकद जाते. सांध्यातला जुना सरस आधी कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशने मऊ करून पुसून घ्या. नंतर पातळ सुरीच्या पात्याने नवा सरस आत सरकवायचा, दुधापेक्षा थोडा दाट एवढाच. शिकंजाच्या दोन्ही जबड्यांना बूच किंवा चामडं लावा. सरसाचा बारीक मणी बाहेर आला की दाब पुरे, तो मणी ओल्या फडक्याने लगेच टिपायचा. एक दिवस हात लावायचा नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा इथे एक फायदाच आहे: थंड खोलीत सरस क्षणात गोठतो, चाळिशीच्या गरमीत तो तुम्हाला हात चालवायला वेळ देतो.

पण शिकंजा लावण्याआधी एक गोष्ट नीट पाहा. फळीची कड बाजूच्या पट्टीच्या थोडी बाहेर आलेली असते. उकललेल्या जागी ती कड पट्टीच्या बरोबरीला किंवा आत गेली असेल, तर फळी आकसली आहे. तिला ओढून बसवू नका. आधी आठ-पंधरा दिवस वाद्य ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत ठेवा, कड आपोआप बाहेर येईल, मग चिकटवा. ओढून चिकटवलेली फळी नंतर मध्येच फाटते.

बाकीच्या कडाही तपासून घ्या. बोटाच्या सांध्याने कडेकडेने हलकं ठोकत जा. बंद सांध्याचा आवाज भरीव येतो, उकललेल्या जागी फटफट ऐकू येते.

आता खुंट्या. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते. खुंटीही सुकते, तिचं भोकही सुकतं, आणि दोन्ही सारखी सुकत नाहीत. पकड जाते ती इथे. एका वेळी एकच तार काढा. खुंटीवर चकचकीत काळे पट्टे दिसतील, ते कोरड्या कापडाने पुसा. पेग पेस्ट मिळाली तर उत्तम. नाहीतर त्या पट्ट्यांवर कोरड्या साबणाची वडी हलकी फिरवा आणि वरून फळ्यावरचा पांढरा खडू. साबणाने खुंटी फिरते, खडूने थांबते. फिरत असून थांबत नसेल तर खडू वाढवा, कटकट करत अडत असेल तर साबण. तार गुंडाळताना शेवटचे वेढे खुंटीच्या जाड बाजूच्या भिंतीकडे सरकत गेले पाहिजेत, म्हणजे तारच खुंटीला आत ओढून धरते. सूर चढवताना खुंटी फिरवायची आणि त्याच वेळी आत दाबायची. नुसती फिरवली तर ती सुटणारच.

चारही तारा एकदम कधीही सैल करू नका. आत साउंडपोस्ट नावाची एक गोल दांडी असते, चेलोत साधारण ११ मिलिमीटर जाडीची, तारा पेलणाऱ्या घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या जरा मागे. ती कशानेही चिकटवलेली नसते, दोन फळ्यांच्या दाबात उभी असते. दाब गेला की ती पडते. पडली तर तारा अजिबात चढवायच्या नाहीत, कारण खालून आधार नसलेली फळी घोडीखाली दबते.

भुसावळ_जंक्शन

वरचं सगळं मान्य, पण कूलरबद्दल ते काही बोलले नाहीत. माझ्या मते कूलरच्या खोलीत चेलो नकोच. पाण्याचे तुषार उडतात, घोडी फुगते, व्हार्निशला डाग पडतात. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवलेलं वाद्य जास्त टिकतं. मातीच्या जाड भिंतींमुळे आतलं तापमान आणि ओल दोन्ही हळू बदलतात. पत्र्याच्या खोलीत मात्र ठेवू नका भो, दुपारी तिथे भट्टी होते. आणि बंद गाडीत तर दहा मिनिटंही नको. उन्हातल्या गाडीत आतली गरमी सरस मऊ करायला पुरेशी असते, मान पुढे झुकते आणि तारा फिंगरबोर्डपासून (बोटं दाबायच्या पट्टीपासून) उंच उचलल्या जातात.

सरस_आणि_शिकंजा

धाब्याच्या घराचं बरोबर आहे, पावसाळ्यात गळत नसेल तर. पण सगळ्यांकडे कुठे राहिलंय धाबं? कूलरच्या बाबतीत नुकसान ओलीने होत नाही, चढउताराने होतं. वर्गापुरते दोन तास कूलर लावला, आर्द्रता २० वरून ६० वर गेली, मग बंद केला, परत २० वर. दिवसाला एक असा झोका बसला की सांधे सुटायला वेळ लागत नाही. लावायचा तर रोज ठराविक वेळ लावा, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि वाद्य झोताच्या आड ठेवा. वाजवून झालं की चेलो लगेच पेटीत.

खरा उपाय पेटीच्या आतच आहे. बाजारात आर्द्रतामापक छोटे डिजिटल मिळतात, एक पेटीत चिकटवा. आकडा ४० ते ६० मध्ये राहिला पाहिजे. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत स्पंज ओला करून, पिळून, म्हणजे एक थेंबही गळणार नाही असा, पेटीत वर मुंडीच्या बाजूला ठेवा. मेमध्ये तो रोज बघावा लागतो. पावसाळा लागला की डबी काढायची आणि सिलिका जेलची पुडी ठेवायची. पावसात खुंट्या उलट अडकतात, तेव्हा पकड घेऊन पिळू नका, मुंडी पिचकते. दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवलं की सुटतात.

ऋतू बदलला की घोडीची उंचीही बदलल्यासारखी वाटते. पावसात फळी फुगून वर येते, तारा उंच होतात, बोटं दुखतात. उन्हाळ्यात फळी बसते, तारा फिंगरबोर्डवर खरखरतात. फिंगरबोर्डच्या टोकाशी बारीक तार साधारण ५ मिलिमीटर आणि जाड तार ८ मिलिमीटरच्या जवळपास उंच असली की ठीक. तिकडचे बरेच वादक दोन घोड्या ठेवतात, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. दर वेळी सूर चढवल्यावर घोडी बाजूने पाहा. टेलपीसकडचा तिचा पाठचा भाग फळीशी काटकोनात हवा. सूर चढवताना तारा तिला फिंगरबोर्डकडे ओढतात, आणि दुर्लक्ष झालं तर एक दिवस ती फट्कन पडते.

गजाचंही तेच. कोरड्या हवेत घोड्याचे केस आकसतात. वाजवून गज सैल केला नाही तर केसच काठीला वाकवतात आणि टोक तुटतं. वाजवताना मधोमध केस आणि काठीत सेंटिमीटरभर अंतर पुरे. राळ उन्हाळ्यात फिकट रंगाची घ्या, ती कडक असते. गडद राळ मऊ, ती ४५ अंशांत कापडालाच चिकटून बसते. पेटी महिनोन्‌महिने बंद ठेवली तर बारीक किडे केस खातात. केस मुळाशी तुटलेले दिसले की समजा, पेटी रिकामी करून उन्हात ठेवायची, गज नव्हे.

तापी_पूर्णा

दुरुस्तीचं सांगून झालंय, मी मोठ्या प्रश्नाकडे वळते.

चेलो व्हायोलिनच्या घराण्यातला आहे, सोळाव्या शतकातल्या इटलीतला. व्हायोला द गांबा या गुडघ्यांत धरायच्या जुन्या युरोपी वाद्याशी त्याचा संबंध लोक उगाच जोडतात. गांबाला पडदे असतात, तारा सहा-सात, आणि गज आपल्या सारंगीसारखा तळहात वर करून धरतात. चेलोला पडदे नाहीत, तारा चार, गज वरून धरायचा. इटलीतल्या क्रेमोनाचा वाद्य-कारागीर आंद्रेआ आमाती, त्याचा 'द किंग' म्हणून ओळखला जाणारा चेलो आजही अमेरिकेत संग्रहालयात आहे.

सुरुवातीला काम खालच्या सुराचंच होतं. आतड्याची जाड तार खोल सुरासाठी फार लांब लागायची, म्हणून वाद्य अवाढव्य. १६६० च्या सुमारास आतड्यावर धातूची तार गुंडाळायला लागले, तीच तार बारीक आणि जड झाली आणि वाद्य लहान करता आलं. १७०७ नंतर क्रेमोनाच्याच स्त्रादिवारी या कारागिराने जे माप ठरवलं, पाठ साधारण ७५-७६ सेंटिमीटर, तेच आज तुमच्या कारखान्यातल्या चेलोचं आहे. लहान झाल्याने बोटं पोहोचायला लागली, आणि बोटं पोहोचल्यावर वादकांनी वरच्या सुरांवर हक्क सांगितला. बोलोन्यात दोमेनिको गाब्रिएलीने १६८९ मध्ये एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या. फ्रान्समध्ये मिशेल कोरेतने १७४१ मध्ये चेलो शिकण्याचं पुस्तक काढलं, त्यात अंगठा तारेवर ठेवून वर वाजवायची रीत दिली आहे.

बाखचे सहा सुइट (नाचांच्या चालींवर बांधलेल्या तुकड्यांच्या माळा) तुम्ही ऐकले नसतील तर तिथून सुरू करा. १७२० च्या आसपासचे, साथीला कोणी नाही, एकटा चेलो. पहिला सुइट, जी मेजरमधला, प्रेल्यूड: एका आवाजाचं वाद्य, पण खालचा सूर, मधला आणि वरचा असे तिन्ही आळीपाळीने छेडत जातो आणि कानाला तीन माणसं वाजवतायत असा भास होतो. पाचव्या सुइटमध्ये बारीक तार एक स्वर उतरवून लावायची आहे. सहावा तर पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिला आहे, चार तारांवर तो जीव काढतो. हे सुइट कसरतीचे धडे म्हणून पडून होते. स्पेनच्या पाब्लो कासाल्सच्या हाती १८९० मध्ये बार्सिलोनात त्यांची छापील प्रत लागली आणि पुढे १९३६ ते १९३९ मध्ये त्याने सहाही ध्वनिमुद्रित केले. त्याच्या वादनामुळे ते मैफिलीत रुजले.

व्हायोलिनच्या तुलनेत चेलोसाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशा रचना, कमी का? आवाजाची जागा. चेलोचा सूर ऑर्केस्ट्राच्या अगदी मधोमध बसतो. बाकीचे वाजायला लागले की तो बुडतो. व्हायोलिन वर तरंगतं. मोझार्टचा एकही चेलो कॉन्चेर्टो आपल्यापर्यंत आलेला नाही. हायडनचा सी मेजरचा कॉन्चेर्टो हरवला होता, तो १९६१ मध्ये प्रागमध्ये सापडला. द्वोराकने १८९४-९५ मध्ये बी मायनरचा लिहिताना चेलो गातो तिथे ऑर्केस्ट्रा जवळपास रिकामा करून ठेवला, आणि तो बोलायचा थांबला की सगळं दणक्यात आत आणलं. कुठे गप्प बसायचं हे कळलेलं लिखाण आहे ते. एल्गरचा १९१९ चा, त्यात तर सुरुवातच एकट्या चेलोने होते.

आणि ऑर्केस्ट्रात 'खालचं भरायचं' हे काम तेवढंच आहे असं समजू नका. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग चेलो आणि व्हायोला उघडतात. शूबर्टच्या अपूर्ण सिंफनीची ती प्रसिद्ध धून चेलोंची. रॉसिनीच्या विल्यम टेल या ऑपेराच्या ओव्हर्चरची (सुरुवातीच्या वाद्यरचनेची) पहिली ओळ पाच चेलो वाजवतात, लोकांना मात्र त्याचा घोडदौडीचा शेवटच ठाऊक! चतुष्टकात, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, सगळ्यांचा सूर चेलो धरतो. तो जरा खाली गेला की बाकीचे तिघे बेसूर वाटतात.

ऐकण्याचा क्रम माझ्या मते असा ठेवा: बाखचा पहिला सुइट, मग बेथोव्हनचा ए मेजरचा चेलो सोनाटा, ओपस ६९ (पियानो आणि चेलो दोघंही खऱ्या अर्थाने बरोबरीचे झाले ते इथे), मग द्वोराक. सेंट-साँसचा 'हंस' शेवटी. तो आधी ऐकला की चेलो म्हणजे नुसतं गोड रडणं असा समज होतो आणि तो पुसायला वर्षं जातात.

गिरणाकाठ

ताई, भाऊ, फार मोलाचं सांगितलंत. सुताराला नको सांगितलं. आता घुरघुरणाऱ्या सुराचं आणि सा चं कोणीतरी सांगा. आम्ही व्हायोलिनवर प-सा-प-सा लावतो. चेलोवर तसंच चालेल का? मांडी घालून बसायचं की खुर्ची?

मंद्र_षड्ज

दादा, चेलोच्या उघड्या तारा, हार्मोनियमच्या पट्ट्यांप्रमाणे, जाडीकडून बारकीकडे अशा: पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा. हर्ट्झमध्ये ६५.४, ९८, १४६.८, २२०.

प-सा-प-सा लावण्याच्या फंदात पडू नका. वरच्या तारा फार सैल होतात नाहीतर खालच्या फार ताणतात. सोपी वाट म्हणजे सा-प-सा-प. पांढरी एक हा सा धरा. खालच्या दोन तारा जशा आहेत तशाच, मंद्र सा आणि मंद्र प. तिसरी तार एक पूर्ण स्वर उतरवून मध्य सा, चौथी एक स्वर उतरवून मध्य प. एक स्वर उतरवला की तारेचा ताण साधारण २१ टक्के कमी होतो, आवाज थोडा मऊ पडतो. फार ढिलं वाटलं तर त्या दोन तारा जास्त ताणाच्या, 'स्ट्राँग' शिक्क्याच्या घ्या. उलट दिशेला जाऊ नका. एक स्वर चढवला तर ताण २६ टक्के वाढतो, तार तुटते, आणि तुमच्या आकसलेल्या फळीवर तो भार नकोच.

व्हायोलिनवाल्याचा हात इथे पहिल्याच दिवशी फसतो. व्हायोलिनची तार ३३ सेंटिमीटरच्या आसपास, चेलोची ६९. मध्य सा ची तार उघडी धरून नटपासून (मुंडीजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून) मोजलं तर शुद्ध रे ७.७ सेंटिमीटरवर, शुद्ध ग १३.८ वर, म १७.२५ वर, प २३ वर, शुद्ध ध २७.६ वर, नि ३२.२ वर आणि तार सा बरोबर मधोमध, ३४.५ वर. हे गणिताचे आकडे झाले. बोटाने तार दाबली की ती किंचित ताणते आणि सूर चढतो, म्हणून बोट आकड्यापेक्षा केसभर नटकडे पडतं. शेवटी तंबोरा लावून कानानेच ठरवायचं.

व्हायोलिनची बोटं इथे बसत नाहीत. खालच्या जागी पहिलं ते चौथं बोट मिळून फक्त कोमल गांधाराएवढं अंतर झाकतं, प्रत्येक बोटाला अर्धा स्वर. त्यापेक्षा ताणलं तर पहिलं बोट मागे पसरायचं, हात नाही. अंगठा मानेच्या मागे, दुसऱ्या बोटासमोर, आणि सैल. अंगठ्याने मान आवळली की मींड संपली. मानेच्या टोकापासून पुढे अंगठा तारेवर येतो, ते कोरेतवालं तंत्र, त्याची घाई नको.

मींड हे मात्र चेलोचं बलस्थान. व्हायोलिनवर सा ते प ही मींड अकरा सेंटिमीटरची, इथे तेवीस. वाट लांब असल्याने मधल्या श्रुती बोटाखाली वेगळ्या दिसतात. दरबारीचा आंदोलित गांधार खालच्या जाड तारेवर घेऊन पाहा, त्यासाठी लागणारी जागा व्हायोलिनच्या बोटभर पट्टीवर कधीच मिळत नाही. तोटा तिथूनच निघतो: द्रुत तान दमवते. जाड तार बोलायला वेळ घेते, गज सावकाश आणि वजनदार लागतो. व्हायोलिनच्या वेगाने गज ओढला की नुसता फुसफुस वारा येतो.

घुरघुरीचं. आधी खात्री करा की ती उकललेल्या सांध्याचीच नाही ना. तार बोटाने छेडून पाहा. छेडल्यावरही खर्र येत असेल तर सांधा, ढिला फाइन ट्यूनर नाहीतर तारेचा सुटलेला वेढा. फक्त गजानेच येत असेल आणि आवाज वू-वू-वू असा हेलकावत असेल, तर ती चेलोवाल्यांची 'वुल्फ', म्हणजे लांडगा. लाकडाच्या खोक्याचा स्वतःचा एक जोरकस सूर असतो, बहुतेक चेलोंत पांढरी तीन ते काळी तीन यांच्या दरम्यान. तारेचा सूर त्याच्या जवळ गेला की खोकं तारेची ताकद ओढून घेतं, मग परत देतं, आणि तार गजाखाली स्थिर राहू शकत नाही. जाड दोन तारांवर वर चढून तोच सूर घेतला की जास्त. पांढरी एक सा धरलात तर हा पट्टा म्हणजे शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म. यमनात तीव्र मध्यमावर थांबायचं म्हटलं की लांडगा तिथेच बसलेला असू शकतो! उपाय: पितळेची छोटी नळी, आत रबर, बाहेर स्क्रू. ती घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या दुसऱ्या जाड तारेच्या तुकड्यावर लावतात. सरकवत सरकवत तो तुकडा घुरघुरणाऱ्याच सुराला आणायचा आणि मग स्क्रू कसायचा. सैल राहिला तर नळीच खणखणते. जास्त जड नळी लावू नका, आवाज मरतो. तात्पुरतं म्हणजे त्या सुरावर गुडघ्यांनी वाद्याच्या बाजू हलकेच दाबा. कधी कधी सगळ्या तारा अर्धा स्वर वर-खाली केल्याने लांडगा रागात न येणाऱ्या सुरावर जातो, तो सगळ्यात स्वस्त इलाज.

बसण्याचं. तुमच्या वाद्यासाठी खुर्चीच. बैठक ४३ ते ४६ सेंटिमीटर उंच, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली, जाड तारेची खुंटी डाव्या कानामागे. शहाबादी फरशीवर चेलोच्या तळाची, जमिनीवर टेकायची दांडी घसरते. खुर्चीच्या पायाला कातडी पट्टा बांधून त्याच्या टोकाला खळगा केलेला लाकडाचा ठोकळा ठेवा. मांडी घालून वाजवण्यासाठी वेगळं वाद्यच घडवलेलं आहे: सास्किया राव-द हास यांचा भारतीय चेलो लहान अंगाचा, पाच मुख्य तारा आणि खाली दहा तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. नॅन्सी लेश यांनी तर रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकून चेलोवर ध्रुपद वाजवलं. दोघींचं वादन ऐका, पण लेश यांचा आलाप रुद्रवीणेकडे झुकतो आणि राव-द हास यांचा गायकीकडे, हे लक्षात ठेवून ऐका.

भुसावळ_जंक्शन

मंद्र_षड्ज यांच्याशी एका बाबतीत पटत नाही. राग लगेच सुरू करू नये. सहा महिने तरी मूळ सुरांतच तारा ठेवून तिकडच्या पद्धतीचा गज आणि पहिली जागा पक्की करावी. उघड्या तारेवर साठच्या लयीत आठ मात्रांचा एक गज, आवाज न फाटता, न थरथरता. एवढं आलं की बाकी सगळं बसतं. नाहीतर व्हायोलिनचा गज चेलोवर चालतो आणि आवाज कायमचा पोकळ राहतो.

मंद्र_षड्ज

गजाचं शंभर टक्के मान्य. पण अलंकार आणि खालच्या सप्तकातला आलाप पहिल्या महिन्यापासून चालू दे. उघड्या सा वर आठ मात्रांचा गज म्हणजे तरी काय वेगळं? खर्जाचा रियाजच तो. फक्त तान, 'झाला' (शेवटचा अतिद्रुत भाग) असलं काही वर्षभर नको. आणि तारा रोज उतरवायच्या-चढवायच्या नाहीत, एक लावणी ठरवली की काही महिने तीच ठेवा. रोज बदललं तर खुंट्या परत घसरतात.

गिरणाकाठ

समजलं. सांध्याचं काम पुण्या-मुंबईच्या कारागिराकडून करून घ्यावं असं आता ठरतंय. रेल्वेने चेलो न्यायचा तर काय काळजी घ्यावी?

सरस_आणि_शिकंजा

मालडब्यात टाकू नका, स्वतःबरोबर डब्यात न्या. वातानुकूलित डब्यात नेलात तर उतरल्यावर पेटी लगेच उघडू नका, तासभर तशीच ठेवा. तारा अर्धा ते एक स्वर उतरवा, त्यापेक्षा जास्त नाही, म्हणजे घोडी आणि साउंडपोस्ट जागेवर राहतील. घोडीच्या दोन्ही बाजूंना आणि फिंगरबोर्डच्या टोकाखाली जुन्या सुती साडीच्या घड्या द्या, टेलपीसखालीही एक, म्हणजे घोडी पडली तरी फाइन ट्यूनर फळीत घुसणार नाहीत. तळाची दांडी पूर्ण आत सारून स्क्रू कसा. गज वेगळा, सैल करून. पेटी फलाटावर उभी सोडू नका, आडवी एका कुशीवर ठेवा, घोडी वरच्या बाजूला येईल अशी पाठीवर नको. आणि निघण्याआधी उकललेल्या सांध्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा. कारागिराकडे पोहोचल्यावर फट खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर ते त्याला आधी सांगा.